पुन्हा पुन्हा उगवणारं सॉफ्टवेअर मुळासकट काढताना

अनइन्स्टॉल केलं, काढून टाकल्याची पाटीही आली, आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला तर तोच आयकॉन पुन्हा घड्याळाशेजारी बसलेला. मग तेच अनइन्स्टॉल तीन-चारदा करून होतं आणि शेवटी वैतागून मशीन बर्डीवरच्या (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या) एखाद्या दुकानात जातं : ‘भाऊ, फॉरमॅट मारून द्या.’ बहुतेक वेळा त्याची गरज नसते. असं सॉफ्टवेअर स्वतःहून परत येत नाही; त्याला परत आणून बसवणारा कुणीतरी मशीनमध्ये शिल्लक असतो. हा राखणदार चारपैकी एका ठिकाणी सापडतो : पाठीमागे चालणारी दुसरी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम), एखादी सर्व्हिस (पडद्यावर न दिसता चालणारा प्रोग्राम), टास्क शेड्युलरमधली (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या विंडोजच्या यादीतली) नोंद, किंवा ब्राउझरची पॉलिसी (वरून लादलेला नियम) आणि सिंक (एकाच अकाउंटवरच्या मशीनांतली जुळवाजुळव). आधी तो शोधायचा, मग सॉफ्टवेअर काढायचं. क्रम उलटा केला की हराळी वरून खुडल्यासारखं होतं.

खालची माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात, तीच इथे देवनागरीत लिहिली आहेत.

आधी खात्री करा

मशीन हळू चालून राहिलं म्हणजे त्यात काहीतरी शिरलंच असं नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की धूळ भरलेल्या पंख्याचा कॉम्प्युटर तापतो, आणि तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. सकाळी सातला मशीन ठीक चालतं आणि दुपारी दोनला रडतं, असं असेल तर आधी कॅबिनेट उघडून धूळ काढा. (आणि मशीन कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ती हवा थंड असते, पण ओलीही असते.)

नको असलेल्या सॉफ्टवेअरच्या खुणा वेगळ्या असतात. ब्राउझरचं सर्च इंजिन आपोआप बदलतं. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो एरर सापडले’ असं सांगून पैसे मागणारी खिडकी उघडते. कधी न घेतलेला ‘ड्रायव्हर अपडेटर’ किंवा ‘पीसी क्लीनर’ यादीत दिसतो.

अनोळखी दिसलं म्हणून सगळंच उडवू नका. ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ या नावाच्या आठ-दहा नोंदी दिसतील. त्या राहू द्या, वेगवेगळ्या प्रोग्रामना त्यातली वेगवेगळी वर्षं लागतात. इंटेल, एएमडी, रिअलटेक ही नावं हार्डवेअरची. घरात कुणी टेंडर किंवा जीएसटी भरत असेल तर डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर अनोळखी नावाने बसलेला असतो. तो उडाला तर रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला कळतं. मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचंही तसंच.

हात लावण्यापूर्वी

कागदपत्रं, फोटो, टॅली असेल तर तिचा डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा आणि ती काढून बाजूला ठेवा. प्रोग्रामच्या फाइली मात्र कॉपी करू नका, नाहीतर दुखणंच जपून ठेवाल.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या (एन्क्रिप्ट करणाऱ्या) विंडोजच्या सोयीची. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि सेफ मोडच्या (विंडोज कमीत कमी पसाऱ्यात सुरू करायच्या) वाटेवर मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. फोनवरून त्या अकाउंटमध्ये जाऊन आधीच कागदावर उतरवून घ्या. पडदा निळा झाल्यावर पासवर्ड आठवत बसणं फार महागात पडतं.

मग स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन बंद असेल तर चालू करा आणि एक पॉइंट बनवा; काही बिघडलं तर विंडोज तिथवर मागे नेता येतं.

पुढे लागणारी तीन साधनं आताच उतरवून घ्या : मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारं), मालवेअरबाइट्सच्या साइटवरून ॲडडब्ल्यूक्लीनर (नको असलेलं सॉफ्टवेअर शोधून काढणारं), आणि रेव्हो अनइन्स्टॉलरची फुकट आवृत्ती. तिन्ही मूळ कंपनीच्याच साइटवरून. सर्चमध्ये वर ‘ॲड’ असं लिहिलेले जे निकाल येतात त्यांच्या वाट्याला जाऊ नका. साधनं उतरली की वायफाय बंद करा. राखणदाराकडे सॉफ्टवेअरची प्रत नसली तर तो ती नेटवरून मागवतो. नेट तोडलं की तो लंगडा होतो.

एक अपवाद. ‘बँकेतून बोलतोय’ किंवा ‘वीज कापली जाईल’ असं सांगून कुणी फोनवर एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (दुसऱ्याला तुमचं मशीन दुरून चालवू देणारी ॲप्स) टाकायला लावलं असेल, तर हा लेख नंतर वाचा. आधी नेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. तिथे मिनिटांना किंमत असते.

सरळ मार्ग, पण नीट

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज > ॲप्स > इन्स्टॉल्ड ॲप्स. विंडोज १० मध्ये त्याच जागी ‘ॲप्स अँड फीचर्स’. यादी तारखेनुसार लावा. त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्या तारखेला काय काय आलं ते बघा. असली सॉफ्टवेअरं एकटी येत नाहीत, एकाच तारखेला तिघं-चौघं दिसतील. नावं कागदावर लिहून घ्या, पुढे प्रत्येक ठिकाणी तीच शोधायची आहेत.

अनइन्स्टॉल करताना प्रत्येक खिडकी पूर्ण वाचा. मोठं रंगीत बटण ‘ठेवा’चं असतं आणि ‘काढा’ हे खाली फिक्या अक्षरांत लपवलेलं. काही ठिकाणी प्रश्नच उलटा असतो : ‘रद्द करणं रद्द करायचं का?’ अशा थाटाचा. शेवटी ‘सेटिंग्ज जपून ठेवू का’ विचारलं तर नाही म्हणा.

अनइन्स्टॉलरची फाइलच सापडत नाही अशी तक्रार आली तर रेव्होमधून प्रयत्न करा. तो आधी मूळ अनइन्स्टॉलर चालवतो आणि मग उरलेल्या फाइली आणि रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातल्या) नोंदी शोधतो. रजिस्ट्रीच्या यादीत ठळक अक्षरांत दिसतात तेवढ्याच नोंदींवर टिक करा. साध्या अक्षरातल्या नोंदी फक्त वाट दाखवण्यासाठी असतात.

एवढ्यावर गेलं तर उत्तम. रीस्टार्ट करून बघा. परत आलं तर खरं काम इथून सुरू होतं.

राखणदार कुठे बसतो

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. संशयित प्रोसेसवर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या. ती कुठून चालते हे नावापेक्षा जास्त बोलकं असतं. सभ्य प्रोग्राम बहुधा ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये राहतात. सी ड्राइव्ह > युजर्स > तुमचं नाव > ॲपडेटा > रोमिंग किंवा लोकल, आणि त्यात अर्थहीन अक्षरांचा फोल्डर, असा पत्ता निघाला तर दाट संशय घ्या. ॲपडेटात लिहायला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, म्हणून ही जागा त्यांना आवडते. काही चांगली ॲप्सही तिथे राहतात. पत्ता आणि नाव दोन्ही जुळवून ठरवा.

आता ‘एंड टास्क’ दाबलं आणि दोन सेकंदांत प्रोसेस परत आली, तर समजा की जोडी आहे. एक मेली की दुसरी तिला उठवते. एकामागून एक मारत बसलात तर संध्याकाळ जाईल. स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा, त्याच्या सीपीयू टॅबमध्ये दोन्ही प्रोसेसवर राइट क्लिक करून आधी ‘सस्पेंड’ करा. गोठवलेली प्रोसेस जिवंतच दिसते, त्यामुळे जोडीदाराला काही कळत नाही. दोघीही गोठल्या की मग आरामात दोन्ही ‘एंड’ करा. ओळखीच्या नावांशिवाय दुसरं काही सस्पेंड करू नका. विंडोजची प्रोसेस गोठवली तर मशीनच गोठेल.

चालू फाइल डिलीट होत नाही, ‘दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे’ असं येतं. पण चालू ईएक्सई फाइलचं नाव बहुधा बदलता येतं. नावाच्या शेवटी ‘ईएक्सई’च्या जागी ‘जुनी’ किंवा काहीही लिहा, रीस्टार्ट करा. त्या नावाची फाइल सापडली नाही की ती सुरूच होत नाही, आणि मग निवांत डिलीट होते.

सर्व्हिसेसकडे वळा. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ लिहा, कागदावरच्या नावांशी जुळणारी ओळ शोधा, तिच्यावर डबल क्लिक करा. पहिल्या टॅबमध्ये ‘पाथ टू एक्झिक्युटेबल’ दिसतो; तोच पत्ता निघाला तर आता ‘रिकव्हरी’ टॅब उघडा. तिथे ‘फर्स्ट फेल्युअर’समोर ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ असेल, तर मारल्यावर ती का उठते याचं उत्तर मिळालं. तिन्ही ओळींत ‘टेक नो ॲक्शन’ करा, पहिल्या टॅबमध्ये स्टार्टअप टाइप ‘डिसेबल्ड’ करा, आणि मग ‘स्टॉप’.

सगळ्यात जास्त वेळा माणूस चुकतो ती जागा म्हणजे टास्क शेड्युलर. डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर क्लिक करा. त्याखालच्या ‘मायक्रोसॉफ्ट’ फोल्डरला हात लावू नका. नको असलेली नोंद बहुतेकदा वरच, पहिल्याच यादीत पडलेली असते. गुगल, एज, वनड्राइव्ह, अडोबी यांच्या अपडेटच्या नोंदी तिथे असतातच, त्या ठीक आहेत.

उदाहरणार्थ, एका ओळीचं नाव आहे ‘सिस्टिम अपडेट हेल्पर’. नावात खोट काढायला जागा नाही. खालच्या ‘ट्रिगर्स’ टॅबमध्ये दोन ओळी : ‘ॲट लॉग ऑन’, आणि दुसरी, रोज, दर १ तासाने पुन्हा, मुदत बेमुदत. ‘ॲक्शन्स’ टॅबमध्ये ‘स्टार्ट अ प्रोग्राम’ आणि समोर रोमिंगमधल्या त्याच फोल्डरचा पत्ता. म्हणजे सॉफ्टवेअर तुम्ही सकाळी नऊला काढलंत तर दहाला ही नोंद उठणार, फाइल नाही हे बघणार आणि पुन्हा उतरवणार. कधी पत्त्याच्या जागी ‘पॉवरशेल’ आणि मागे अर्थ न लागणारी लांबलचक अक्षरमाळ असते. घरच्या कॉम्प्युटरवर लायब्ररीच्या वरच्या यादीत असं दिसलं, तर ते भलं असण्याची शक्यता फार कमी. आधी ‘डिसेबल’ करा, दोन दिवस काही अडलं नाही तर ‘डिलीट’.

हे सगळं एकाच खिडकीत हवं असेल तर ऑटोरन्स उघडा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने. ‘ऑप्शन्स’मधून ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ चालू केलं की यादी आटोक्यात येते. पिवळ्या ओळी म्हणजे फाइल गेली, नोंद उरली. गुलाबी ओळींच्या प्रकाशकाची (बनवणाऱ्या कंपनीची) खात्री पटलेली नाही, पण प्रत्येक गुलाबी ओळ वाईटच असते असं नाही. इथे नियम एकच : डिलीट करू नका, टिक काढा. टिक काढलेली नोंद परत लावता येते, डिलीट केलेली नाही.

सेफ मोड

वरचं काहीच बधत नसेल तर शिफ्ट दाबून धरा आणि ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट > ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स > स्टार्टअप सेटिंग्ज > रीस्टार्ट, आणि मग ४ दाबा. ५ दाबल्यावर नेट येतं. इथे ते नकोच आहे. सेफ मोडमध्ये विंडोजपुरता आवश्यक पसारा सुरू होतो, राखणदार झोपलेला असतो. कागदावरच्या नावांचे फोल्डर प्रोग्राम फाइल्स, ॲपडेटा आणि ‘प्रोग्रामडेटा’ या तिन्ही ठिकाणी शोधून काढा. ॲपडेटा आणि प्रोग्रामडेटा लपलेले असतात. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटेम्स’ चालू करा.

इथे एक खोडा आहे. सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस चालत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर बसवलेले प्रोग्राम अनइन्स्टॉल करायला गेलात तर एरर येतो. मशीन बिघडलेलं नाही. सेफ मोडमध्ये राखणदार काढा, नेहमीच्या विंडोजमध्ये परत या आणि मग अनइन्स्टॉल करा.

ब्राउझर

प्रोग्राम गेला, पण सर्च इंजिन अजून भलतंच. ब्राउझरची एक्स्टेन्शनं (त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम) बघा; ‘रिमूव्ह’ दिसत नसेल तर त्या एक्स्टेन्शनला पॉलिसीचं पाठबळ आहे. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत सगळ्यात खाली ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ लिहिलेलं असेल, आणि कॉम्प्युटर घरचा असेल, तर प्रश्न पडलाच पाहिजे की ही संस्था कोणती. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा, पॉलिसी असं इंग्रजीत टाइप करा. लागू असलेल्या पॉलिसींची यादी येते. त्यात ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ दिसलं तर चोर सापडला. काही अँटिव्हायरसही स्वतःची पॉलिसी टाकतात, तेवढं तपासा.

ही पॉलिसी रजिस्ट्रीत असते. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन > सॉफ्टवेअर > पॉलिसीज > गुगल > क्रोम. क्रोमच्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून आधी ‘एक्स्पोर्ट’ करा, फाइल डेस्कटॉपवर ठेवा, मग त्यातली फोर्सलिस्ट काढा. हीच वाट एचकी करंट युजरखालीही बघा. ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर इथे अजिबात हात घालू नका, ती संस्था खरी आहे.

नंतर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’ करा. बुकमार्क, हिस्ट्री आणि साठवलेले पासवर्ड राहतात. एक्स्टेन्शनं बंद पडतात. घरातला दुसरा लॅपटॉप त्याच गुगल अकाउंटवर असेल तर तिथूनही एक्स्टेन्शन काढा, नाहीतर सिंक ते इमानेइतबारे परत आणून देईल. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटची ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘टार्गेट’ बघा. ईएक्सई नंतर एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो पुसा. ‘प्रोफाइल डिरेक्टरी’ लिहिलेलं असेल तर ते क्रोमचंच.

उजव्या कोपऱ्यात येणाऱ्या ‘व्हायरस सापडला’ अशा पाट्या कित्येकदा सॉफ्टवेअरच्या नसतातच. कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते. साइट सेटिंग्ज > नोटिफिकेशन्समध्ये जाऊन अनोळखी नावं काढली की संपलं.

सफाईनंतर नेटच गेलं तर

घाबरू नका, हे होतं. काही सॉफ्टवेअरं सगळं नेट स्वतःतून वळवतात. ती गेली की वळण तसंच राहतं आणि पलीकडे कुणी नसतं. सेटिंग्ज > नेटवर्क अँड इंटरनेट > प्रॉक्सीमध्ये जाऊन ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ बंद करा. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) ‘ऑटोमॅटिक’वर आणा. बहुतेकदा एवढ्याने भागतं.

उरलंसुरलं

ॲडडब्ल्यूक्लीनर चालवा. तो इन्स्टॉल करावा लागत नाही, आणि सापडलेलं क्वारंटाइनमध्ये टाकतो, म्हणजे चुकून काही गेलं तर परत आणता येतं. मग विंडोज सिक्युरिटी > व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन > स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा (विंडोजच्याच अँटिव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं घेतं. मध्येच वीज जाणार नाही एवढं बघा.

स्कॅनच्याही आधी ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये सगळ्यात खाली ‘एक्सक्लूजन्स’ उघडून बघा. विंडोज किंवा ऑफिस फुकटात चालू करून देणारी ‘ॲक्टिव्हेटर’ नावाची जी चीज असते, ती चालवताना डिफेंडरला एखादा फोल्डर बघूच नको असं सांगून ठेवलेलं असतं. कधी अख्खा सी ड्राइव्ह त्या यादीत सापडतो. मग डिफेंडर ‘सगळं ठीक’ म्हणतो ते त्याच्या परीने खरंच असतं. ती नोंद काढा, मगच स्कॅन करा. फॉरमॅट करून आणलेल्या मशीनमध्ये महिन्याभरात दुखणं परत येतं त्यामागे पुष्कळदा हेच असतं. मशीन दुकानात न्यावंच लागलं तर तुमच्याच लायसन्सचं विंडोज टाकायला सांगा. लॅपटॉपबरोबर विंडोज आलं असेल तर त्याची की बहुधा मशीनमध्येच असते, वेगळी लागत नाही.

लॅपटॉपबरोबर आलेला चाचणीपुरता अँटिव्हायरस हा वेगळा प्रकार. तो अनइन्स्टॉलरने अर्धवट निघतो. त्याच कंपनीच्या साइटवर ‘रिमूव्हल टूल’ मिळतं, ते वापरा आणि रीस्टार्ट करा.

इतकं करूनही परत आलं तर सेटिंग्ज > सिस्टिम > रिकव्हरी > रीसेट पीसी (विंडोज १० मध्ये हे ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली सापडेल). ‘कीप माय फाइल्स’ने कागदपत्रं राहतात, प्रोग्राम सगळे जातात. ‘क्लाउड डाउनलोड’ घेतलंत तर ४ जीबीच्या वर डेटा लागतो, मोबाइल हॉटस्पॉटवर सुरू करण्याआधी पॅक बघा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर उन्हाळ्यातल्या दुपारी हे काम काढू नका. रीसेटच्या मध्यात लाइट गेली तर विंडोज कदाचित उठणारच नाही आणि मग दुकान गाठावं लागेल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन ११ ला चालत असेल तर रीसेट करण्याऐवजी थेट ११ टाकून घ्या.

सफाई जमली का, हे लगेच ठरवू नका. नेट जोडा, दोनदा रीस्टार्ट करा, मशीन दोन तास चालू ठेवा आणि टास्क शेड्युलरची यादी पुन्हा बघा. तिसऱ्या दिवशी इन्स्टॉल्ड ॲप्स परत एकदा तारखेनुसार लावा. नवी नोंद नसेल तर झालं. असेल तर तिची तारीख आणि वेळ बघा, शेड्युलरमधल्या ‘लास्ट रन टाइम’शी जुळवा, सुटलेला राखणदार तिथेच सापडतो.

आणि ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मधलं ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ चालू करून ठेवा. घरातल्या पोट्ट्यांना स्टँडर्ड (ॲडमिनचे अधिकार नसलेलं) अकाउंट द्या, मात्र ॲपडेटात शिरणाऱ्यांना त्याने पूर्ण आडकाठी होत नाही. कुठल्याशा फॉर्मला फोटो ५० केबीत हवा म्हणून ‘फ्री फोटो रिसायझर’ उतरवला जातो, तिथूनच बऱ्याचदा ही वरात घरात शिरते. त्या कामाला विंडोजमधलं पेंट पुरतं : फोटो उघडा, ‘रिसाइझ’ला जा, टक्के ५० करा, जेपेग म्हणून सेव्ह करा. अजून मोठा वाटला तर आणखी एकदा.